दोन्ही ब्रेक उजव्या हाताला

मांडवखार,
मंगळवार

प्रिय ऋतिका बाय,

शनिवारी तू घरी येशील, पडवीतला सायकलचा खिळा रिकामा बघशील आणि गाव गोळा होईल एवढी ओरडशील. म्हणून आधीच सांगून टाकतो. तुझी सायकल मी घेतली. नुसती घेतली नाही, तिला ब्रेक बसवले, जाड टायर घातले आणि पुढेमागे पत्र्याचे मडगार्ड लावले. तुझ्या भाषेत तिचं वाटोळं केलं. केलं तर केलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझी जीभ अडखळते, आणि एखाद्या शब्दावर अडकलो की तू रडवेल्या आवाजात 'बाबा, राहू द्या' म्हणतेस. कागद मला 'राहू द्या' म्हणत नाही. आणखी एक गोष्ट आहे, जी तू माझ्यापासून लपवलीस. तिच्याकडे शेवटी येतो. पांढऱ्या कांद्याचा टेम्पो उद्या पुण्याला जातोय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

ती सायकल तू पहिल्यांदा घरी आणलीस तेव्हाचं आपलं भांडण आठवतं? ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. थांबायचं कसं म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, पायाने. वर मला शिकवलंस की एवढी सडपातळ पोलादी गाडी, तिच्या अंगावर एक तारसुद्धा नको. मी आयुष्यभर भरलेला ट्रक बोरघाटातून उतरवला. मी म्हटलं, जिला ब्रेक नाही ती गाडी नव्हे, धोंडा आहे. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि जेवताना आमटी आईकडे मागत होतीस. हट्टीपणा कुठून आला ते सांगायला नको.

मग गेल्या गणपतीत अर्धांगाने माझी डावी बाजू गेली. पुढचं तुला माहीत आहे. तू नोकरीवरून रजा काढून आलीस, मला उठवलंस, बसवलंस, चालवलंस. पण तू पुण्याला परत गेल्यावर इथे काय चालतं ते तुला माहीत नाही. लोक येतात, माझ्यासमोर बसतात आणि आईला विचारतात, 'आता कसं हाय त्यांचं?' जणू मी बाहेरगावी गेलोय. ट्रक विकला तेव्हा त्याच्या कपाळावर बाबाजी पेंटरने काढलेलं 'ऋतिका' नव्या मालकाच्या माणसाने आपल्याच अंगणात खरवडून काढलं. मी खिडकीत होतो. हाक मारायला गेलो तर तोंडातून नुसता आवाज आला. त्या दिवशी मी रडलो, हे तुला पहिल्यांदाच सांगतोय. पंचायतीने तर मला न विचारता अपंगांच्या तीनचाकी सायकलीसाठी माझं नाव घातलं. हार, फोटो, टाळ्या, सगळं ठरलेलं. मी गेलोच नाही.

तू आणून दिलेलं ते पायडल मारायचं यंत्र मी इमानाने वापरलं. खुर्चीत बसायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि पाय फिरवायचे. इंदूरपर्यंत ट्रक नेलेला माणूस भिंतीवरच्या पालीकडे बघत पायडल मारतोय, हे तुझ्या डोळ्यांसमोर आण. पण त्याच भिंतीने मला शहाणं केलं. उजवा पाय रेटला की पट्ट्याने बांधलेला डावा आपसूक फिरत होता. आळशी होता, पण येत होता. मी मान वर केली तर खिळ्याला तुझी सायकल.

फाट्यावरचा इक्बाल, जो माझ्या ट्रकचा सायलेन्सर झाळून द्यायचा, त्याला बोलावलं. त्याने सायकल बघितली, मला बघितलं आणि हात जोडले. 'अल्लाच्या वास्ते, दत्ताशेठ, आधी फ्रीव्हील टाकू द्या.' मी म्हटलं, बाकी काय वाटेल ते टाक, फ्रीव्हील टाकायचं नाही. बाय, फ्रीव्हील घातलं तर उजवा पाय तळाशी गेला की पुढचं काम डाव्याचं, आणि डावा ते करत नाही, मग पायडल तिथेच अडणार. या गाडीत चाकच पायडल वर आणून देतं. चाक थांबत नाही तोवर माझ्या डाव्या पायाला बसून राहायची परवानगी नाही. तुझ्या त्या बिनकामाच्या शौकात माझ्यापुरता एवढा अर्थ निघाला, आणि तोच इक्बालला काढून टाकायचा होता. बराच वेळ भांडलो. आजारपणानंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी खरोखर भांडलं. फार बरं वाटलं.

ब्रेक मात्र हवेतच. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला ब्रेकसाठी भोक होतं, मागे काहीच नव्हतं. इक्बालने मागच्या दोन नळ्यांच्या मध्ये पितळेच्या झाळीने एक पट्टी बसवली. तिथला तुझा लाडका रंग जळला, हे कबूल. पण माझा डावा हात हँडलवर नुसता ठेवण्यापुरता, तो ब्रेक काय दाबणार? इक्बाल म्हणाला, एकच ब्रेक ठेवा. मी म्हटलं, ट्रकमध्ये एक पाय दाबला की सगळी चाकं धरतात, मग सायकलला काय झालं? शेवटी पंचायतीच्या मागे एक मोडकी तीनचाकी गंजत पडली होती. तिला ब्रेकची एक दांडी होती, जिच्यातून दोन चाकांसाठी दोन तारा निघतात. सरपंचांना विचारून ती दांडी काढून आणली. त्यांनी मला तीनचाकीत बसवायचं ठरवलं होतं, मी तिचा ब्रेक आणून तुझ्या सायकलला लावला. दोन्ही ब्रेक आता उजव्या हाताला आहेत.

टायर का बदलले ते आपल्या बांधावरून एकदा चालून बघ. तुझे ते बोटाएवढे टायर तिथल्या दगडांत टिकले नसते. जाड टायर आत घासत होते, म्हणून चाक मागे सरकवलं आणि चेनला दोन कड्या वाढवल्या. मडगार्ड उधाणासाठी. अमावास्या-पुनवेला खाडीचं पाणी रस्त्यावर येतं आणि मागे खारट चिखल ठेवून जातं, तो पाठीवर घेऊन घरी आलो असतो तर तुझ्या आईने दारातच अडवलं असतं. मडगार्ड जुन्या काळ्या सायकलीचे आहेत, नळीला पट्ट्या आवळून बसवले. आता मागचं चाक काढायचं तर आधी मडगार्ड सोडावा लागतो, त्यावर तू कुरकुर करणार, कर. बाबाजीला बोलावून पुढच्या मडगार्डवर तुझं नाव काढून घेतलं, लाल-पिवळ्या रंगात, शेजारी कमळ, ट्रकवर होतं तसंच. हे कोणी खरवडून बघावंच.

तुझी आई, माझी गोदू, पहिल्या दिवशी म्हणाली, 'मरायचा हाय तं घरात मर, रस्त्यावर न्हाय.' मग साडी खोचून, मागून सीट धरून मिठागराच्या बांधावर माझ्यामागे धावली. मी तुला शिकवलं होतं तशीच. गोदू धावताना शिव्या देते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने हात सोडला आणि मी सरळ खाजणात गेलो. चिखलात उताणा पडून मी हसत होतो आणि ती बांधावर कपाळ धरून बसली होती. मग तीही हसली. घरात किती दिवसांनी हसू आलं होतं, बाय. काल मी किहीमपर्यंत जाऊन आलो, एकटा. ओट्यावरून चढतो, रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याला टेकून उतरतो, उतरायच्या आधी उजव्या हाताने डाव्या पायाचा पट्टा सोडतो. तिथे भजी खाल्ली, ते आईला सांगू नकोस.

आता खरं कारण. रविवारी तू आईशी बोलत होतीस तेव्हा तिने फोन मोठ्या आवाजात ठेवून कोळंबी सोलायला घेतली होती. मी मागच्या दारात होतो. कंपनी तुला दोन वर्षांसाठी जपानला पाठवतेय, येत्या सोमवारी उत्तर द्यायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. आईने का विचारलं, तर तू म्हणालीस, 'आता बाबांचा एक पाय मीच आहे.'  पण बाय, हा पाय मला नको. मला दोन आहेत. एक रेटतो, दुसऱ्याला फिरावं लागतं. सोमवारी तू हो म्हणायचंस. नाही म्हणालीस, तर दोन्ही ब्रेक काढून टाकीन आणि तुझ्यासारखा बिनब्रेकचा कार्लेखिंड उतरेन. मी बोललेलं करतो, आईला विचार. तुझा पासपोर्ट कपाटातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलाय. शनिवारी एसटीतून फाट्यावर उतरलीस की रिक्षा करू नकोस. मी पासपोर्ट घेऊन सायकलवर येतोय. तू आधी पोचलीस तर वाट बघ. मी आधी पोचलो तर मी थांबेन. मला थांबता येतं, माझ्या गाडीला ब्रेक आहेत.

तुझाच हट्टी,
बाबा