सातव्या भोकाजवळची हरळी

दादा, शिवरात्र होऊन आठ दिवस झाले. उन्हाला चटका आलाय, तरी गोल्फच्या मैदानावर सातव्या भोकाजवळची हरळी अजून उठलेली नाही. भोकाभोवतीच्या त्या बारीक गवताच्या गोलाला साहेब लोक ग्रीन म्हणायचे आणि तुम्ही खळं. आज ते खरोखरच खळ्यासारखं दिसतंय, पिवळं आणि टणक.

तुम्ही इथे माळी होतात; ते खळं लावलंत तेव्हा मी शाळेत होते. ओढ्याकाठची बारीक पानाची हरळी पोत्यात भरून आणलीत आणि उकिडवं बसून काडी काडी टोचत गेलात. पाथर्डीहून थोरले काका, तुमचे भाऊ, आले होते. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "आमचा जल्म गेला हरळी खांदन्यात, आन तू पानी घालून लावतोय व्हय? गावात बोलू नको, लोक हसत्याल." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुज्या रानातली बी दे धाडून. इथं लागंल."

दिवाळी सरली की तुम्ही खत बंद करायचात आणि गवत कापायच्या मशिनचं पातं बोटभर वर घ्यायचात. गवत राठ, पिवळट व्हायचं, खेळणारे कुरकुरायचे. मी शेतकी कॉलेजात असताना एका सुट्टीत तुम्हाला ऐकवलं, थोडा युरिया टाका, आठवड्यात हिरवं होईल. तुम्ही माझ्यावर चिडलात ते तेवढ्या एकाच वेळी. "थंडीच्या तोंडावर कवळं करून ठिवायचं? मंग थंडी खाईल कुनाला?" माझ्या पुस्तकातही तुमचंच म्हणणं होतं. परीक्षेत ते लिहून मी मार्क मिळवले होते.

मी शिकवण्यातून निवृत्त झाल्यावर मैदानाच्या कमिटीने गवताची देखरेख माझ्याकडे दिली. डिसेंबरात एक सभासद चारचौघांत म्हणाले, "मॅडम, याला ग्रीन म्हणायचं का ब्राऊन?" सगळे हसले. मला कुणी हसलेलं सहन होत नाही, तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी मी युरिया टाकायला सांगितला आणि पातंही खाली घ्यायला लावलं. तुमच्या हाताखाली तयार झालेले माळीकाका अजून कामावर आहेत. ते घमेलं धरून उभे राहिले. "बाई, आत्ता?" मी म्हटलं, "सांगितलं तेवढं करा." आठवडाभर खळं पोपटी दिसलं. मग थंडी पडली. ओढ्याच्या बाजूला पहाटेचं दव गोठून पांढरं होऊ लागलं, आणि पोपटी होतं ते आधी काळपट पडलं, मग वाळलं.

तेव्हापासून रोज सकाळी मी तिथे वाकते, जमिनीवरून सरपटणारी एक काडी उचलते आणि नखाने खरवडते. आत पांढरं असलं तर जीव आहे, तपकिरी असलं तर गेली. पाणी देऊन झालं, गोणपाटाने झाकून झालं. आता वाट बघायची. हे उत्तर वर्गात मी कधी चालवून घेतलं नव्हतं. काल कडेला वीतभर जागेत पांढरं लागलं, बाकी सगळं तपकिरी. सोमवारी कमिटी खळं खणून काढणार, पुण्याहून नव्या जातीच्या गवताच्या लाद्या येणार.

"वीतभर हाय ना? मंग पावसापतूर धरंल की सगळं," माळीकाका म्हणाले.

"पावसापर्यंत कोण थांबणार, काका?"

"व्हय, तेबी खरं."

कमिटीने नुकसानीचं कारण लेखी मागितलं होतं. मी लिहिलं, 'यंदाची कडाक्याची थंडी.' खाली माळीकाकांची सही लागत होती. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि माझ्याकडे न बघता पेन परत दिलं. मी ते घेतलं.

युरियाचं मी इथे सोडून कुठेही लिहिलेलं नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, आणि दादा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहिण्याचं धाडस झालं.