तक्रारीतली तिसरी ओळ

१४ डिसेंबर

प्रिय मशीनवाल्या मावशी,

नमस्कार. तुमच्या भिंतीपलीकडे दोन बहिणी राहायच्या, त्यांतली मी थोरली. गेल्या महिन्यात दवाखान्यात धाकटीला तुमची लेक भेटली, तिच्याकडून पत्ता मिळाला. तुम्ही शहाऐंशीच्या झालात आणि अजून सुईत दोरा स्वतः ओवता, हे ऐकून बरं वाटलं. मी ठीक आहे. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठून सहा वर्षं झाली, तरी लोक मला पाहून सरळ उभे राहतात. गुडघे सोडले तर तक्रार नाही.

तक्रारीवरूनच लिहायला बसले आहे.

परवा आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले होते. माझ्या शेजारी एक नवं जोडपं आहे. नाताळ जवळ आला म्हणून ती दोघं संध्याकाळी जुनी पॉप गाणी लावतात, जरा मोठ्यानेच. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, त्यांच्या घरमालकाला दोन ओळी लिहून द्या ना. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी म्हटलं, "माझ्या अक्षराने एकदा पुरेसं नुकसान केलंय. तुमचं तुम्ही लिहा."

ते गेले, आणि मी भिंतीला खुर्ची लावून बसले. तीच गाणी होती, मावशी. त्या वर्षीची.

मी बारा वर्षांची, धाकटी सात. जिन्यावरून पडून तिला कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. आमच्याकडे रेडिओ नव्हता, बाबांना आवाज खपत नसे. तुम्ही तुमचा रेडिओ खिडकीतून उचलून आमच्या भिंतीला टेकवलात, बरोबर तिच्या उशाशी. नाताळच्या आधी दहा दिवस, रोज सहा वाजता, वर्षभरात गाजलेली दोन-दोन गाणी, विसाव्यापासून पहिल्यापर्यंत. एकात शिट्टी होती, एकात सारख्या घंटा वाजायच्या. धाकटी प्लास्टरवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ठेवी. आई भाजी चिरताना सुरीने ताल धरायची आणि जिन्यात बाबांची पावलं वाजली की थांबायची.

नवव्या दिवशी घरमालकांकडे तक्रार गेली. दहाव्या दिवशी सहा वाजले, रेडिओ गप्प.

"मावशी रुसल्या का गं?" धाकटीने विचारलं. मी गणितं सोडवत होते. मान वर केली नाही.

सव्वासहाला तुमची मशीन सुरू झाली, आणि मशीनवर तुमचा आवाज. रेडिओ अगदी बारीक करून, कानाला लावून तुम्ही ती शेवटची दोन गाणी ऐकली असणार आणि लगेच आम्हाला म्हणून दाखवलीत. सूर कुठल्या कुठे. शब्द सापडेना तिथे नुसतं ला-ला. शिवण संपली की गाणंही थांबायचं, नवी शिवण लागली की पुन्हा पहिल्यापासून. आई पदराने तोंड दाबून हसत होती. "रेडिओ बंद करायला सांगितलाय, गळा नाही," म्हणाली.

धाकटीने पुढे कितीतरी वर्षांनी ते पहिल्या क्रमांकाचं गाणं खरं ऐकलं, आणि म्हणाली, "ही बाई चुकीचं गातेय."

त्या रविवारी मी नेहमीसारखी तुमच्याकडे आले, गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहायला. तुम्ही कापडाला टाचणी लावत म्हणालात, "तुझं अक्षर कुठेही ओळखू येतं हो. छान आहे. असंच ठेव." आणि पुढची कोरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवलीत. मी मान खाली घालून पुढचं नाव लिहिलं. त्यानंतर दोन वर्षं आपण शेजारी होतो, तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत.

बाबांनी सांगितलं, मी लिहिलं, असं मी बावन्न वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. बाबांनी दोनच ओळी सांगितल्या: रेडिओचा आवाज फार होतो, तरी समज द्यावी. "घरातील आजारी मुलीला याचा त्रास होतो," ही तिसरी ओळ माझी. बाबांनी न वाचताच सही केली. त्या ओळीमुळेच घरमालक धावत आले आणि सगळ्या बिऱ्हाडांसमोर तो कागद तुमच्यापुढे नाचवत तुम्हाला वाटेल ते बोलले. मी दाराआड उभी होते.

सगळं घर धाकटीच्या पलंगाभोवती गोळा झालं होतं, आणि आता तुमचा रेडिओही तिच्याच भिंतीला. तुम्ही माझ्या होतात, निदान रविवारच्या तरी. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कारण पुरतं.

शाळेत मला सगळे कडक म्हणत, होतेच मी. पण एखाद्या मुलीचा लबाडपणा हाती लागला की मी तिला एकटीला बोलवायचे, तिच्यातलं चांगलं आधी सांगायचे आणि पुढचं काम हातात द्यायचे. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. तुमच्याकडून उचललं, आणि आभार मात्र कधी मानले नाहीत. आज मानते. माफीही आजच मागते.

काल धाकटीला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, "मला काय सांगतेस? त्यांना सांग." आणि लगेच, "मीही येते."

तर चोवीस तारखेला सहा वाजता आम्ही दोघी येऊ का? तिला ते गाणं तुमच्याच चालीत हवंय. गळा साथ देत नसेल तर तुम्ही नुसती मशीन चालवा, आम्ही म्हणतो. नको असेल तर उत्तर पाठवू नका, मला समजेल.

नाव लिहीत नाही. माझं अक्षर तुम्हाला कुठेही ओळखू येतं.