तुझा ताप

धाकट्या,

पहिली सिगारेट आपण एकाच काडीवर पेटवली, आणि मूत्राशयाचा कॅन्सरही दोघांना झाला. औषधही एकच: नळीने आत सोडायचं आणि कुशी बदलत पडून राहायचं, म्हणजे शरीरातल्या लढाऊ पेशी जाग्या होतात. तुला सणसणून ताप भरला. डॉक्टर म्हणाले, "वा, पेशी कामाला लागल्या!" माझ्या मेल्या घोरत पडल्यात. लहानपणीही सगळं आधी तुलाच मिळायचं. नुसता जळफळाट झाला माझा. काल थर्मामीटर कोमट चहात बुडवून तुझ्या वहिनीला दाखवला. तिने लगेच तुला फोन लावला. दादालाही ताप आला, हे ऐकून तू आनंदाने ढसाढसा रडलास.

आता कोणत्या तोंडाने सांगू, की तो ताप चहाचा होता?

तुझा,
थंडगार दादा