खुशालरावांचं परत गेलेलं विमान

तीर्थरूप महादेवमामांस, गोपालचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब ताळ्यावर असतील अशी आशा करतो. (हल्ली मी आशाच करतो, अंदाज सांगायची हिंमत राहिली नाही.) आई बरी आहे, फक्त चार दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. अकोल्यापर्यंत पोहोचताना या प्रकरणाला किती पाय फुटले असतील कोण जाणे, म्हणून मूळ हकीकत कळवतो. फोनवर आई कान देऊन ऐकते, म्हणून हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय.

तुम्ही वर्षालीचं स्थळ आणलंत. तिचे वडील खुशालराव मुंबईला मुलाकडे होते, तिथून रविवारी आमचं घर पाहायला येणार होते. मुंबईची रेल्वे त्यांना अकोल्यात स्वतःच्या घरापाशी आणून सोडते, पण माणूस हट्टानं विमानानं इकडे अमरावतीला निघाला. जन्मातलं पहिलं विमान, आणि तेही होणाऱ्या जावयाच्या विमानतळावर! (मी तिथे हवामान पाहतो, विमानतळ आपल्या घरचा नाही, हे तुम्ही त्यांना नीट सांगायला हवं होतं.) आई सकाळपासून सांबारवडी तळत होती, मी ड्युटीवर. दुपारी दर्यापूरकडून काळाकुट्ट ढग उठला. अशा ढगाखाली वारा क्षणात उलटा फिरतो आणि उतरतं विमान खाली आपटू शकतं. त्या विमानात कोण बसलंय हे मला ठाऊक होतं, मामा. तरी इशारा लिहिला. पायलटनं दोन घिरट्या घातल्या आणि विमान मुंबईला परत नेलं. खुशालराव तीन तास आकाशात राहून जिथे चढले तिथेच उतरले.

वारा आला. धावपट्टीजवळची वाऱ्याची पिशवी माझ्या डोळ्यांदेखत गर्रकन उलटी फिरली, अकरा मिनिटं नुसता धुमाकूळ, मग सगळं शांत. पावसाचा थेंब नाही. घरी तर दोरीवरची चादरही हलली नव्हती (साक्षीदार आई). माझं काम चोख झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कोण करणार? खुशालरावांनी आईला फोनवर ऐकवलं, "तुमचं पोरगं बोलते ते वंगाळच बोलते. खरं झालं तं जीभ काळी, खोटं झालं तं नोकरी फुकटची. पोरगी कोनत्या भरवशावर देऊ?" आईनं फोन ठेवला आणि टॉर्च लावून माझी जीभ तपासली.

मी पार खचलोय. तुम्ही आमच्याकडूनच नकार कळवून टाका. लग्नाचा विषय माझ्यापुरता संपला.

तुमचा भाचा,
गोपाल

ता. क. नकार इतक्यात कळवू नका.

ता. क. दुसरा. वर्षालीचा आत्ताच फोन आला. तिनं वडिलांना पुन्हा तयार केलंय, परवा शनिवारी, आणि पुन्हा विमानानंच. शनिवार दुपारचा अंदाज माझ्यापुढे आहे. परत तसेच ढग. काहीही करून त्यांना रेल्वेत बसवा. माझं नाव मात्र घेऊ नका.

ता. क. तिसरा. मी तिला भीत भीत विचारलं, बाबांना पुन्हा परत पाठवावं लागलं तर? म्हणाली, "बाबा मंग या जन्मात तुमच्या घरी येनार नाई. पन माह्यासाठी म्हनून तुमी डोये मिटून त्याईले उतरू देलं, तं मीच येनार नाई." म्हणजे शनिवारी इशारा मी लिहिणारच, मामा. रेल्वेचं तेवढं तुम्ही बघा.