नाण्याखालची भैरवी

आप्पा, तुमची सुई मी काढून टाकली. रेकॉर्ड प्लेयरच्या हातावर तुम्ही बांधलेलं ते भोकाचं जपानी नाणंही काढलं. दोऱ्याला बोटीवरची गाठ होती, ती सोडवत बसले नाही, सरळ कात्री लावली. तुमच्या गाठी सोडवण्यात आईचं आयुष्य गेलं, माझं तसं घालवायचं नाहीये. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता बोललं तर चालेल असं मी धरून चालते. तुम्ही असताना या घरात बोलायचं काम तुमचं एकट्याचं होतं.

भाट्याच्या घरातली समुद्राकडची खोली आठवते ना? तुम्ही बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आलात की ती खोली तुमची. वेताची खुर्ची, समोर जपानहून आणलेला प्लेयर, आणि भिंतीला टेकवलेल्या रेकॉर्डी. मी उंबऱ्यात बसते आहे. आत पाऊल टाकायची मला परवानगी नाही, तरी तुम्ही आधी माझे हात बघता. "पुसलेस? परत पूस." मी फ्रॉकला हात पुसते, मग तुम्ही भैरवीची ती रेकॉर्ड लावता आणि डोळे मिटता. तेव्हा तुम्ही मला फार आवडायचात. हेही सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भांडण वाटेल.

मग सुई मधेच उडायला लागली. दुसऱ्या कुणी सुई बदलली असती. तुम्ही वर नाणं बांधलंत, वजनाने दाबून बसावी म्हणून. आई म्हणाली, नवी मागवा की मुंबईहून. तर तुम्ही म्हणालात, "जपानी माल आहे तो, झिजायचा नाय." सुई उडायची थांबली, तुमचं म्हणणं खरं झालं, आणि तुम्ही बोटीवर गेलात. पुढच्या सुट्टीत परत तीच रेकॉर्ड लावलीत. गाणाऱ्या बाई वरच्या स्वरावर गेल्या की आवाज फाटायचा, पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा. तुम्ही उठलात, मला काही विचारलं नाहीत, आणि उंबऱ्यातच माझ्या थोबाडीत मारलीत. मी खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, आप्पा. कधीच नाही. "हाताला वळण नाही हिच्या," म्हणालात. "रेकॉर्ड सांभाळता येत नाही, ती गाणं काय सांभाळणार?" आणि माझा गाण्याचा क्लास बंद. क्लासच्या बाई नुकत्या तंबोरा हातात द्यायला लागल्या होत्या मला.

त्या हाताला वळण नसलेल्या मुलीने पुढे दातांचा दवाखाना काढला. रत्नागिरीतली अर्धी तोंडं माझ्या हाताखालून गेली आहेत. कुणाचा बारीक दात कोरताना हात स्थिर राहिला की मला दर वेळी तुम्ही आठवता, आणि चांगल्या अर्थाने नाही. परवा भाट्याचं घर आवरताना प्लेयर, ती रेकॉर्ड आणि तुमची खुर्ची माझ्याकडे आणली, प्लेयर दुरुस्त करून घेतला, आणि दात तपासायचं भिंग डोळ्याला लावून तुमची सुई बघितली. सुई कसली, पटाशी झाली होती ती. टोक सपाट, कडा धारदार, आणि वर नाण्याचा भार. दर सुट्टीत तुम्ही डोळे मिटून बसायचात आणि तुमच्या समोर ती तुमची भैरवी तासत होती. झिजलेल्या हत्याराने दात कोरला तर काय होतं ते मला ठाऊक आहे. तरी पेशंटला थोबाडीत मारायचं मला कधी सुचलं नाही!

आईला सांगितलं. ती आता माझ्याकडेच असते. शेंगा सोलत होती. म्हणाली, "मी सांगितलं होतं तेव्हाच. पोरगी आत गेलेली नाय म्हटलं. ह्यांनी कधी कुणाचं ऐकलनी का?" म्हणजे तुम्हाला कळवलेलं होतं! थोबाडीत मारलीत ती चूक म्हणून सोडूनही दिली असती. पण कळल्यावरही क्लास बंदच ठेवलात. "अगो, गेलेल्या माणसावर किती चिडशील?" आई म्हणाली. पुष्कळ, असं म्हटलं मी.

मग नवी कार्ट्रिज शोधायला लागले. सुई ज्या इवल्या डबीत बसते ती. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर विचारलं, "मॅडम, ऐकता काय काय? त्यावर ठरवू." मी म्हटलं, एकच रेकॉर्ड, आणि ती खराब आहे.  तो म्हणाला की साधी, गोल टोकाची सुई रेकॉर्डच्या खाचेत जिथे घासली तो भाग गेलाच समजा. पण एक अगदी बारीक, उभ्या धारेची सुई येते, ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या जागी टेकते. तिथपर्यंत जुनी सुई पोचली नसेल तर तिथे आवाज शाबूत असेल. नसेलही. महाग होती, भलतीच महाग, आणि खात्री कसलीच नाही. मी घेतली. तुम्ही काय काय मोडलंत ते मला नीट ऐकायचं होतं, आप्पा, खरं कारण तेवढंच.

सुईचा दाब तोलायला सोबत इवलासा वजनकाटा आला. त्यावर आधी तुमचं नाणं ठेवून बघितलं. काट्याला झेपेना, तो नुसता लुकलुकला आणि बंद पडला. मी एकटीच हसले. मग कार्ट्रिज बसवली, दाब लावला, सुई टेकवली. खरखर आहे अजून, जायची नाही. पण तिच्याखाली गाणाऱ्या बाई आहेत! मागे तंबोरा आहे, जो मी उंबऱ्यातून कधी ऐकलाच नव्हता. वरच्या स्वराआधी त्या श्वास घेतात, मी थोबाडीत खायच्या तयारीत मान आत घेतली, आणि स्वर फाटला नाही. सरळ वर गेला आणि तिथे राहिला. आप्पा, इतका राग आला मला. हे सगळं तिथेच होतं. माझंही होतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. नाण्याभोवती गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकणार आहे. एकच गोष्ट राहिली. घर माझं, प्लेयर आता माझा, सुई माझ्या कमाईची. तरी रेकॉर्ड लावायच्या आधी मी तुमची वेताची खुर्ची ओढून समोर ठेवली, हात पुसले, परत पुसले, आणि जाऊन उंबऱ्यात बसले.