डोरीनबाईंचा खिशातला नकाशा

३ नोव्हेंबर
लेऑफला सात महिने झाले. आता रडगाणं बंद. शेजारच्या नव्वदीच्या डोरीनबाईंकडून आज एक खिशातला नकाशा दोन आठवड्यांसाठी मागून आणला. १८५०च्या सुमाराचा, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, कापडावर डकवून घडी केलेला. त्यांचे पणजोबा तो कोटात घालून हॅमिल्टनच्या बाजूला जमीन शोधत आले होते. मी वीस वर्षं मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये होतो, तेव्हा हे काम माझंच. संकल्प : या प्रांताच्या जुन्या नकाशांवर पुस्तक. मार्चपर्यंत.

४ नोव्हेंबर, सकाळी ११
पाचला उठणार होतो. थंडी फार. बायको चित्रा हॉस्पिटलात ड्यूटीला जाताना विंडसरच्या जॉबला अप्लाय केलंस का, म्हणून विचारून गेली. संशोधकाला असले प्रश्न!

६ नोव्हेंबर
भिंगातून तपासला. काय रेषा! बोट फिरवलं की शाईचा उंचवटा बोटाला जाणवतो. पण कुणीतरी पेन्सिलीनं जागोजागी फुल्या मारून बारीक काहीतरी खरडलंय. पोराटोरांचा उद्योग. लोकांना कशाची किंमत म्हणून नाही. ऊर्मीचा खोडरबर घेतला. तीन तास खपलो. नकाशा लख्ख! ऊर्मी म्हणाली, डॅड, डिड यू आस्क हर? यांना कॉलेजात शिकवतात तरी काय.

१० नोव्हेंबर
चित्रानं परस्पर माझ्या नावानं अप्लाय केलं होतं. विंडसरचा इंटरव्ह्यू नेमका बुधवारी. बुधवारी मला युनिव्हर्सिटीच्या नकाशा विभागात वेळ मिळालीय. पुढची तारीख मागितली. गरज असेल तर थांबतील.

११ नोव्हेंबर
थांबत नाहीत. चित्रा आपलं ताट घेऊन ऊर्मीच्या खोलीत जेवायला गेली. पुस्तक तिलाच अर्पण करणार होतो. आता बघू.

१२ नोव्हेंबर, बुधवार
लायब्ररियन बाईंनी नकाशा उलगडला. म्हणाल्या, छान आहे, याच्या चार प्रती आहेत आमच्याकडे. मग विचारलं, पेन्सिलीच्या खुणा कुठायत? डोरीनबाईंनी त्यांना पूर्वीच पत्रानं कळवलं होतं. पणजोबांनी कुठे मुक्काम केला, कुठे पाणी लागलं, वाटेत वारलेल्या धाकट्या लेकीला, हॅनाला, कुठे पुरलं, सगळं त्यावर टिपलेलं होतं. दुसरीकडे कुठेच नोंद नाही.
मी म्हटलं, काळाच्या ओघात पुसलं असेल. बाईंनी नकाशा उजेडात तिरका धरला. घडीतला रबराचा एक कण चिमटीत उचलून टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
डोरीनबाईंनी आधी सांगायला हवं होतं. चूक दोन्हीकडून झाली. उद्या जाऊन स्पष्ट बोलणार.

१३ नोव्हेंबर
स्नो. गेलो नाही.

१४ नोव्हेंबर
गेलो. सांगणारच होतो. डोरीनबाईंना आता उजेड-अंधारापलीकडे दिसत नाही. नकाशा मांडीवर घेतला, पुढे बोट केलं आणि म्हणाल्या, हॅनाच्या फुलीवर ठेव ना.
ठेवलं. एका ओढ्याच्या काठी. अंदाजानं.
बराच वेळ त्या बोट तसंच दाबून बसल्या. मग माझा हात थोपटून थँक यू म्हणाल्या.
घरी चित्रानं विचारलं, काय म्हणाल्या?
म्हटलं, खूश झाल्या. तेवढंच खरं होतं.