गोधडीवरचा क्रूस

आई,

तुला हसू येईल, पण एकदाचं सांगून टाकते. मी पेणच्या आमच्या चर्चच्या माता मंडळाची अध्यक्ष झाले. तुझं रोह्याचं मंडळ वेगळं, पेणचं वेगळं, पण बायका अगदी त्याच. ज्यांना मी जन्मभर नावं ठेवली त्यांच्या मधोमध आता माझी खुर्ची असते, आणि इतरांच्या खुर्च्यांवर नसतो तो टर्किश टॉवेल माझ्या खुर्चीवर घातलेला असतो. आत्ता माझ्यासमोर, घरच्या हॉलमध्ये, चाळीस ब्लँकेटं रचून ठेवली आहेत. शनिवारी ती डोंगराकडच्या एका वाडीवर वाटायची आहेत. प्रत्येकाच्या मधोमध वीतभर लाल सॅटिनचा क्रूस मशीनवर शिवून घेतलाय आणि त्याच्याखाली मंडळाचं नाव. हे क्रूस बघून तुझी आठवण आली असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. क्रूस मंजूर करताना तू आठवली होतीस. तरीही मी मंजूर केला.

आमच्या मंडळाची सेवाकार्यं तुला सांगितली पाहिजेत, म्हणजे तुला कळेल की रोह्याच्या त्या बायका आमच्यापुढे काहीच नव्हत्या. आम्ही आधी सारख्या साड्या घेतो, मग सेवा कोणाची करायची ते ठरवतो. गेल्या वर्षी मोरपंखी होत्या. त्या नेसून आम्ही हमरापूरच्या गणपतींच्या कारखान्यांत जुने चष्मे वाटायला गेलो. घरोघरच्या मेलेल्या सासऱ्यांचे चष्मे एका खोक्यात गोळा केले होते, कोणाचा नंबर काय याचा पत्ता नाही. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारी एक बाई पाटावर बसली होती, हातात इतका बारीक ब्रश की मला त्याचे केसही दिसेनात. आमच्या सचिवबाईंनी तिच्या नाकावर एक चष्मा चढवला. तिनं समोरच्या मूर्तीकडे बघितलं, चष्मा काढला, पदरानं पुसून परत दिला आणि म्हणाली, "ठेवा बाय तुमालाच. याच्यान गनपतीला चार डोले दिसतान." सगळा कारखाना हसला. सचिवबाईंना वाटलं ते आनंदानं हसतायत. फोटो मात्र छान आला. तो चर्चच्या फलकावर अजून आहे, खाली लिहिलंय 'दृष्टिदान'.

रोह्यात हा थाट नव्हता. चर्चच्या मागची ती खोली, पत्र्याची, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर जमलेल्या अकरा बायका. त्यात अध्यक्षबाई म्हणजे धाटावच्या एका कंपनीतल्या मोठ्या साहेबांची बायको. तुझा नवरा, म्हणजे आमचे दादा, त्याच कंपनीत शिफ्टवर होते, म्हणून त्यांच्यासमोर तुझी मान जरा वाकलेलीच असायची. मंडळात प्रार्थना करणाऱ्या बायका होत्या, ठराव मांडणाऱ्या होत्या, अनुमोदन देणाऱ्या होत्या. काम करणारी तू एकटी. चहा तुझा, खोली झाडणं तुझं, आणि हिवाळ्यात वाडीवर द्यायच्या गोधड्याही तुझ्याच. कुंडलिकेच्या काठची ती कातकऱ्यांची वाडी. दिवाळी झाली की तिथली धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर जायची आणि मागे म्हाताऱ्या आणि पोरं राहायची. नदीचा गारठा कुडाच्या भिंतींतून सरळ आत यायचा. म्हणून गोधड्या, असं तूच सुचवलं होतंस, आणि ठरावात ते अध्यक्षबाईंच्या नावावर गेलं.

बायका गोधड्यांसाठी साड्या द्यायच्या. काय साड्या त्या! मोलकरणीनं नको म्हटलेल्या नायलॉनच्या, फॉल सुटलेल्या, घाम धरून बसलेल्या. नायलॉनची ऊब येत नाही आणि टाका ठरत नाही, हे त्यांना कोण सांगणार? तू त्या मुकाट्यानं घ्यायचीस, घरी आणून बाजूला टाकायचीस, आणि आतल्या थराला दादांचे जुने निळे युनिफॉर्म फाडून घालायचीस. वरून तुझ्याच सुती साड्या. स्वयंपाकघरात स्टोव्ह भिंतीला सरकवून तू जमिनीवर गोधडी पसरायचीस, एका बाजूनं तू आणि दुसऱ्या बाजूनं मी, धावदोरा घालत मधे येऊन भेटायचं. मी चौदा वर्षांची होते आणि माझा टाका तुझ्यापेक्षा बारीक होता. हे मला माहीत होतं, आणि अध्यक्षबाईंनी चारचौघांत म्हटल्यावर तर मी हवेतच गेले.

त्या वर्षी बाईंच्या डोक्यात आलं की गोधडी कोणाची ते कळायला हवं. लाल कापडाचा क्रूस मधोमध लावायचा. "आणि तो ही मुलगीच शिवेल, काय सुंदर हात आहे तिचा!" मंडळाच्या खोलीत तू चहासाठी स्टोव्हला पंप मारत होतीस. वर न बघता म्हणालीस, "नको बाई. झोपायला हाय ती. कोपऱ्यात लावा फार तर." बाई हसल्या. कोपऱ्यात कोण बघणार? मी म्हणाले, "आई, तुला नाय कळत त्यातलं." मला सगळं कळत होतं ना! बावीस गोधड्यांवर बावीस क्रूस मी माझ्या हातानं शिवले, कडा दुमडून, एकही टाका वाकडा नाही. नाताळच्या आधी जीपमधून गोधड्या वाडीवर गेल्या, प्रार्थना झाली, आणि बाई संध्याकाळच्या आत घरी पोहोचल्या.

जानेवारीत तू मला घेऊन वाडीवर गेलीस. तुझ्या पिशवीत सुंठ आणि गूळ होता, एका म्हातारीला खोकला झालाय असं कोणीतरी सांगितलं होतं. ती म्हातारी चुलीपाशी पोतं पांघरून बसली आहे. दोन पोरं तिच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसलेली, उघडी. आणि वर, आडव्या बांबूवर, आमची गोधडी. नीट घडी घालून, क्रूस पुढे येईल अशी टांगलेली. क्रूसाला कुंकू लावलेलं. तू शेजारच्या झोपडीत वाकून बघितलंस. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या झोपडीतही तेच. मग तू येऊन म्हातारीजवळ टेकलीस आणि विचारलंस, "अंगावर का नाय घेत गो?"

म्हातारी खोकत खोकत म्हणाली, "येसूबाबाची निशानी हाय ना बाय तिच्यावर. पाय कसा लावाचा?"

परतीच्या वाटेवर मी फणकाऱ्यानं म्हणाले, अडाणी आहेत नुसते, दिलेली वस्तू वापरायची अक्कल नाही. तू बांधावर थांबलीस. मारशील असं वाटलं, पण तू मारलं नाहीस. "तोंड सांभाळ गो. अडाणी आपण. ती माणसं कुडकुडतान, पण देवावर पाय टाकत नाय. आपण देव पायाखाली शिवून दिला." दुसऱ्या दिवशी तू दादांच्या दाढीची दोन पाती कागदात गुंडाळून घेतलीस आणि वाडीवर जाऊन बसलीस. दोन दिवस लागले. मलाही बसवलंस. माझे ते बारीक टाके मीच उसवत होते, आणि रागानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हाताऱ्या लांबून बघत होत्या. काढलेला प्रत्येक क्रूस तू पदरात ठेवत गेलीस, जमिनीला लागू दिला नाहीस. त्यांचं पुढे काय केलंस ते मी कधी विचारलं नाही.

ही बातमी मंडळात मीच नेली. चुगली म्हणून नाही, गंमत म्हणून. क्रूसाला कुंकू लावलं होतं हे मी अध्यक्षबाईंच्या मुलीला हसत हसत सांगितलं, आणि पुढच्या बैठकीत तुला उभं केलं. क्रूस उसवला! ख्रिस्ती घरातल्या बाईनं! तो सगळा कालवा मी खिडकीतून ऐकला. ज्यांनी वाडीची माती पुन्हा कधी पायाला लागू दिली नव्हती त्या बायका प्रभूच्या अपमानानं रुमालानं डोळे टिपत होत्या. कुंकवाबद्दल तुला विचारलं. वाटलं, आता सांगशील. पोत्याचं सांगशील, उघड्या पोरांचं सांगशील, त्या नायलॉनच्या साड्या त्यांच्या तोंडावर मारशील. तू हात जोडलेस. "चुकलं माझं. न विचारता करायला नको होतं." बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी लक्षात ठेवा. आता चहाचं बघता का जरा?" आणि तू उठलीस आणि चहाचं बघितलंस. आलंही किसून घातलंस!

त्या आल्यासाठी मी तुला कधी माफ केलं नाही. बाकी सगळ्यांची मला घृणा वाटली, तुझी लाज वाटली. पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, नव्या अध्यक्षबाईंना मेणबत्त्यांचं वेड होतं, आणि गोधड्यांचा विषयच मंडळातून गेला. तू मात्र दर हिवाळ्यात चार-सहा शिवून वाडीवर नेत राहिलीस, आणि दर दुसऱ्या रविवारी त्या बायकांना चहा देत राहिलीस. तू गेलीस तेव्हा मंडळानं हार पाठवला होता. मी तो बाहेरच ठेवायला लावला. इतका माझा ताठा. तू माफी मागितलीस तेव्हा बावीसच्या बावीस गोधड्या वाडीत अंगावर होत्या, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला एवढी वर्षं लागली. तुला जे करायचं होतं ते करून झालं होतं. राहिलेल्या माफीची तुला काय किंमत!

आता माझं ऐक. गेल्या आठवड्यातल्या बैठकीत क्रूस कसा लागेल ते दाखवायला सचिवबाईंनी एक ब्लँकेट उलगडलं. आमच्यात कासू गावची एक नवी बाई आली आहे, नवरा कंत्राटावर कामाला, बसते ती दाराजवळच. ती म्हणाली, "बाई, मधोमध नको. लोकांनी पाय कुठं टाकायचे?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. या साऱ्या जगात त्या प्रश्नाचं उत्तर जिला माहीत होतं अशी एकच बाई तिथे होती, आणि ती टर्किश टॉवेलवर बसली होती. मी म्हणाले, "तुम्ही नवीन आहात. आधी आजचे ठरलेले विषय होऊ देत, मग बोला." आणि मग, आई, माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आता चहाचं बघता का जरा?" ती उठली. चहा चांगला झाला होता. मी दोनदा घेतला.

आज दुपारी जेवण झाल्यावर दार लावून घेतलं आणि ब्लेड घेऊन बसले. मशीनची शिलाई सोपी असते, एक टोक सापडलं की सरसर सुटत जाते, तुझ्या-माझ्या हाताच्या टाक्यांसारखी भांडत नाही. दहा मिनिटांत एक क्रूस निघाला. चाळीस म्हणजे दोन दुपारींचं काम, आणि शनिवारला अजून तीन दिवस आहेत. मी निघालेला क्रूस घडी घालून बायबलात ठेवला, ब्लेड कागदात गुंडाळलं, आणि मग सचिवबाईंचा फोन आला. शनिवारी फोटोसाठी सगळ्यांनी ब्लँकेट पुढे धरून उभं राहायचं, क्रूस दिसायला हवा, चर्चचे पाळकसाहेबही येणार आहेत. मी बरं म्हटलं.

एकच उसवलंय, आई. ते गठ्ठ्याच्या अगदी तळाशी घातलंय, फोटोत येऊ नये म्हणून.